हल्ला करणाऱ्याचं शिक्षण

आयकिदो या जपानी युद्धकलेचं प्रात्यक्षिक पहिल्यांदा पाहणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडून दोन-चार मिनिटांत एक शब्द हमखास निघतो : नुरा कुस्ती. एक जण धावत येतो, हात उगारतो, दुसरा जागच्या जागी जरासा वळतो आणि हल्ला करणारा गिरकी खाऊन चटईवर आपटतो. उठतो, पुन्हा धावून येतो, पुन्हा पडतो. कुणी कुणाला रोखत नाही, आणि शेवटी जिंकलं कोण हेही कुणी जाहीर करत नाही. लाल मातीत घासून घासून चितपट झालेले पैलवान ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे संगनमत वाटलं तर त्यांचं काही चुकत नाही. या कलेत बरीच वर्षं घालवल्यावर माझं मत असं झालं आहे की, ही शंका बोट अगदी नेमक्या जागी ठेवते, फक्त निष्कर्ष घाईने काढते. संगनमत आहेच. नुरा कुस्तीत निकाल ठरलेला असतो. आयकिदोच्या सरावात कामाची वाटणी ठरलेली असते. त्या वाटणीत हल्ला करणाऱ्याच्या वाट्याला आलेलं काम नीट शिकवलं गेलं तर ही कला खरी राहते. ते शिकवलं गेलं नाही तर तिचा नाच होतो. आयकिदोची मूलतत्त्वं म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं जवळपास सगळं बचाव करणाऱ्याविषयी असतं. दुसऱ्या अर्ध्या अभ्यासक्रमाबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

नेहमीची यादी आधी उरकून घेतो. उभं राहण्याची पद्धत म्हणजे हानमी : एक पाऊल पुढे, एक मागे, अंग तिरकं, हात शरीराच्या मध्यरेषेवर. दोघांमधलं अंतर म्हणजे माआइ : एक पाऊल टाकल्याशिवाय समोरच्याला हात लागू नये इतकं. हल्ला आला की मूळ हालचाली दोन. एक, आत शिरणं, म्हणजे इरिमी. दुसरी, पुढच्या पायावर वळून हल्लेखोराच्या शेजारी, तो पाहतोय त्याच दिशेला तोंड करून उभं राहणं, म्हणजे तेनकान. यावर रचलेले डाव ढोबळमानाने दोन प्रकारचे. कोपर-मनगट ताब्यात घेऊन माणसाला जमिनीवर पालथा दाबून ठेवण्याचे इक्क्यो, निक्यो, सांक्यो, योंक्यो, गोक्यो. आणि फेकण्याचे शिहोनागे, इरिमीनागे, कोतेगाएशी, काइतेननागे वगैरे. गुडघ्यांवर बसून करायचे प्रकार निराळे, लाकडी तलवार आणि काठी यांचा सराव निराळा. ही नावं काही महिन्यांत पाठ होतात. महत्त्वाचं आहे ते हे की, सराव कायम जोडीने होतो. डाव करणारा तो नागे. काही शाखांत त्याला तोरी किंवा शिते म्हणतात. हल्ला करून तो डाव अंगावर घेणारा तो उके. बहुतेक दोजोंमध्ये, म्हणजे सरावाच्या जागी, रूढ पद्धत अशी की, एकाने तोच डाव चार वेळा करायचा, दोनदा उजवीकडून, दोनदा डावीकडून, आणि मग भूमिका बदलायच्या. याचा हिशेब साधा आहे. ज्याने दहा वर्षं सराव केला, त्याची पाच वर्षं हल्ला करण्यात आणि पडण्यात गेलेली असतात. इतका काळ ज्या कामात जातो, ते ‘करता करता येईल’ म्हणून सोडून देणं हा या कलेतला सर्वांत मोठा निष्काळजीपणा आहे.

त्याची किंमत कळण्यासाठी डाव चालतो कशावर ते पाहावं लागतं. दोन पायांवर उभा असलेला माणूस दोन पावलांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने भक्कम असतो; त्या रेषेला काटकोनात मात्र त्याला आधार नसतो. त्या दिशेने थोडा जोर आला तरी त्याला पाऊल हलवावं लागतं. हल्ला करताना तो वजन पुढे टाकतो. हाताच्या कडेने डोक्यावर वरून घातलेला घाव, म्हणजे शोमेनउची, मनापासून घातला असेल तर सगळं शरीर त्या घावामागून येतं, आणि पुढचं पाऊल टेकून स्थिर होईपर्यंतच्या त्या अवधीत हल्लेखोराला दिशा बदलता येत नाही. इक्क्यो हा पहिला डाव या अवधीवरच उभा आहे. नागे आत शिरतो, एका हाताने हल्लेखोराचं मनगट आणि दुसऱ्याने कोपर सांभाळतो, कोपर त्याच्याच कानाच्या दिशेने वर नेतो आणि मग तलवार खाली आणावी तसे दोन्ही हात खाली आणतो. कोपरामागून खांदा जातो, खांद्यामागून कणा वाकतो, आणि पाय शरीराच्या खाली उरत नाहीत. यात वेदनेचा संबंध नाही आणि गूढ शक्तीचा तर मुळीच नाही. पण या सगळ्याला कच्चा माल लागतो, आणि तो उके आणतो : पुढे येणारं वजन. उके जागेवर उभा राहून नुसता हात वर करत असेल, घाव कपाळाच्या वीतभर अलीकडेच थांबवत असेल, तर वळवायला काहीच नसतं. मग नागेला ओढावं लागतं, ओढलं की उकेला आपण होऊन पडावं लागतं, आणि दोघं एकमेकांना वाकून आभार मानतात. पाहणाऱ्याला खोटं दिसतं ते पडणं. प्रत्यक्षात खोटेपणा त्याच्या दोन सेकंद आधी, हल्ल्यातच झालेला असतो.

खोटेपणाचा आणखी एक प्रकार आहे आणि तो अधिक फसवा आहे, कारण तो प्रामाणिकपणाचा आव आणतो. शिक्षकाने आत्ताच डाव दाखवलेला असतो, त्यामुळे हात कुठे नेला जाणार हे उकेला ठाऊक असतं. अंगात ताकद असलेला उके त्या दिशेला आधीच हात ताठ करून उभा राहतो. समोरचा नवखा घामाघूम होतो, डाव चालत नाही, आणि उकेच्या चेहऱ्यावर ‘खऱ्या लढाईत असंच असतं’ असा भाव येतो. खऱ्या लढाईत असं मुळीच नसतं. खऱ्या हल्लेखोराला पुढचा डाव माहीत नसतो. शिवाय हात ताठ करण्यासाठी त्याने हल्ला सोडून दिलेला असतो. त्याचं तोंड उघडं पडलेलं असतं, आणि एका दिशेला रोखून धरलेलं शरीर दुसऱ्या दिशेला सहज जाणारं असतं. 1938 साली आयकिदोचे संस्थापक मोरिहेइ उएशिबा यांनी ‘बुदो’ नावाची सचित्र पुस्तिका काढली. तिच्यात नागेचा मोकळा हात उकेच्या तोंडावर घाव घालताना दिसतो, आणि समोरून घातल्या जाणाऱ्या घावावरच्या पहिल्या डावात तर आधी हात उगारतो तो नागेच. म्हणजे अडून राहणाऱ्या उकेला उत्तर जुन्या सरावात होतंच, आणि ते सौम्य नव्हतं. चांगला उके या दोन्ही टोकांपासून दूर राहतो. तो पोहोचण्याच्या इराद्याने घाव घालतो, धरलेलं मनगट मध्येच सोडून देत नाही, तोल गेल्यावरही पाय शरीराखाली आणून पुन्हा हल्ला करता येतो का हे पाहत राहतो, आणि दुसरा मार्ग उरला नाही की पडतो. हे चार वाक्यांत सांगता येतं. अंगात यायला डाव शिकण्याइतकाच वेळ लागतो.

पडण्याच्या कलेला उकेमी म्हणतात. मागे पडताना हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि वजन कंबरेकडून विरुद्ध खांद्याकडे तिरकं सरकलेलं. पुढे जाताना करंगळीच्या कडेपासून दंड, खांदा आणि पाठीवरून विरुद्ध कुल्ल्यापर्यंत तिरकी जाणारी लोळण. आणि लोळायला जागाच नसेल तेव्हा हाताने चटईवर जोरात थाप मारून घेतलेली पड. नवख्याला हा व्यायामाचा भाग वाटतो. खरं तर सगळ्या सरावाची सुरक्षा त्यावर आहे. शिहोनागेत उकेचा हात त्याच्याच खांद्यामागे दुमडला जातो आणि तो मागे, डोक्याच्या दिशेने जातो. हात नागेच्या पकडीत असल्याने त्याला टेकवता येत नाही. जपानमधल्या विद्यापीठांच्या क्लबांत या डावात डोकं आपटून विद्यार्थी दगावल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यांत नवख्यांचा भरणा आहे. तेव्हा सहकार्याला दिखाऊपणा म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की, मनगट आणि खांदा मोडू शकणारे डाव शेकडो वेळा गिरवायचे असतील तर समोरच्याने ते शेकडो वेळा अंगावर घेऊन धड उठायला हवं. डावाचा वेग किती ठेवायचा हे करणाऱ्याच्या कौशल्यापेक्षा पडणाऱ्याच्या कौशल्यावर ठरतं, आणि हा नियम ज्या वर्गात पाळला जात नाही त्या वर्गात मी माझ्या माहितीतल्या कुणाला पाठवणार नाही. जाता जाता : जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. आयकिदोने म्हातारपणीची हाडं वाचतात असं मी म्हणणार नाही, पण या कलेतली सगळ्यात उपयोगी गोष्ट कोणती असं विचारलं तर कुठल्याही डावाच्या आधी मी उकेमीचं नाव घेईन.

हल्ला कुणी करायचा, हा प्रश्न जपानच्या जुन्या तलवार-परंपरांनी फार पूर्वी सोडवला होता. कातोरी शिंतो-र्यूसारख्या परंपरांत दोघांचा ठरलेला क्रम असतो. त्याला काता म्हणतात. त्यात उचिदाची हल्ला करतो आणि शेवटी हरतो. शिदाची प्रत्युत्तर देतो आणि जिंकतो. यातली हरणारी भूमिका गुरूची किंवा ज्येष्ठ शिष्याची असते. 1912 साली ठरवलेल्या केंदोच्या कातांमध्येही हीच रीत आहे. कारण उघड आहे. घाव किती अंतरावरून, केव्हा आणि किती निकराने घातला तर शिकणारा त्याच्या मर्यादेपर्यंत ताणला जाईल पण मोडणार नाही, हे नवख्याला कळूच शकत नाही. ते ज्याला कळतं तो गुरू, आणि म्हणून गुरू आयुष्यभर हरत राहतो. आपल्या तालमीतही वस्ताद किंवा जुना पैलवान पोराला अंगावर घेऊनच डाव करायला लावतो. आयकिदोत हा क्रम उलटा झाला. शिक्षक मध्ये उभा राहून फेकतो, सर्वांत चांगला विद्यार्थी त्याचा उके होतो, आणि मग वर्ग जोड्यांत विभागला की नवखा नवख्यावर हल्ला करतो. आळीपाळीने भूमिका बदलण्याचे फायदे मी नाकारत नाही. प्रत्येक डाव अंगावर घेतल्यामुळे तो आतून कळतो, आणि कायमचा मार खाणारा असा कुणी राहत नाही. पण या व्यवस्थेत हल्ल्याच्या दर्जाची जबाबदारी कुणाचीच नसते. परीक्षांमध्येही, क्यू या सुरुवातीच्या पायऱ्यांची असो वा दान या काळ्या पट्ट्यापासूनच्या पायऱ्यांची, बहुतेक ठिकाणी गुण मिळतात ते डाव करणाऱ्याला. उके हा परीक्षेच्या सामानाचा भाग असतो.

हे असं का झालं याचं उत्तर मला इतिहासात सापडतं. माझा तर्क म्हणूनच ते मांडतो. मोरिहेइ उएशिबा यांचा जन्म 1883 चा, वाकायामा प्रांतातल्या तानाबेचा. 1912 मध्ये ते वसाहतीसाठी निघालेल्या कुटुंबांना घेऊन उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर शिराताकीला गेले, आणि 1915 मध्ये तिथे त्यांची गाठ दाइतो-र्यूचे ताकेदा सोकाकु यांच्याशी पडली. आयकिदोचे बहुतेक डाव या परंपरेतून आलेले आहेत. पुढे ओमोतो पंथाचे देगुची ओनिसाबुरो यांचा प्रभाव, 1927 मध्ये तोक्योला स्थलांतर, आणि 1931 मध्ये कोबुकान दोजो. तिथे प्रवेशासाठी शिफारस आणावी लागे, आणि सरावाच्या कडकपणामुळे लोक त्या जागेला नरक दोजो म्हणत. आलेले कोण होते ते पाहावं. तोमिकी केंजी आणि शिओदा गोझो ज्युदोतून आले होते. ज्युदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी 1930 मध्ये उएशिबांचं काम पाहून आपल्या कोदोकानमधले विद्यार्थी तिथे शिकायला पाठवले. मोचिझुकी मिनोरु त्यांतलेच. या माणसांना हल्ला कसा करायचा आणि पडायचं कसं हे दारातून आत येण्याआधीच येत होतं. 1935 मध्ये ओसाकातल्या असाही वृत्तपत्राने चित्रित केलेली फिल्म आजही पाहायला मिळते. तिच्यातले उके खरोखर अंगावर येतात. उएशिबांनी हल्ल्याचा अभ्यासक्रम लिहिला नाही, कारण त्यांना त्याची गरजच पडली नाही. मग महायुद्ध झालं, जपान हरला, ताबा घेतलेल्या दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने युद्धकलांवर बंधनं घातली. 1948 मध्ये आयकिदोच्या आयकिकाइ संस्थेला सरकारी मान्यता मिळाली आणि पन्नाशीच्या दशकात उएशिबांचे पुत्र किश्शोमारु यांनी दरवाजे सर्वांसाठी उघडले. कचेरीतले कारकून, गृहिणी, विद्यार्थी येऊ लागले. हे चांगलंच झालं. त्याशिवाय ही कला जपानबाहेर आली नसती आणि आपल्यापर्यंत पोहोचली नसती. पण या नव्या लोकांना घाव घालणं येत नव्हतं, आणि ते शिकवायचं असतं हे कुणाच्या यादीत नव्हतं.

उएशिबांच्या प्रमुख शिष्यांनी जे वेगवेगळे मार्ग धरले, त्यांकडे या नजरेने पाहिलं की ती निव्वळ भाऊबंदकी वाटत नाही. शिओदांनी 1955 मध्ये योशिनकान काढलं. तिथे उभं राहण्याची ढब, पाऊल, हाताची उंची सगळं काटेकोर, आणि मूळ हालचाली कवायतीसारख्या घटवून घेतलेल्या. तोक्योच्या दंगल नियंत्रण पोलिसांना तिथे जवळपास वर्षभराचं शिक्षण मिळतं. त्यांचं उत्तर असं की, उके आणि शिते दोघांनाही साच्यात बसवा म्हणजे कुणी ढिला राहणार नाही. इवामा या गावात, जिथे उएशिबा 1942 पासून शेती करत राहिले, तिथे त्यांच्याजवळ शिकलेले साइतो मोरिहिरो वेगळं सांगत : आधी मनगट घट्ट, सगळ्या ताकदीने धरू द्या आणि त्या स्थिर पकडीतून डाव करा, ते जमलं की मग वाहत्या हालचालीत. मला हा क्रम सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात हल्ल्याला इयत्ता आहेत. तोहेइ कोइची 1974 मध्ये आयकिकाइतून बाहेर पडले आणि मनाची व शरीराची एकवट हेच शिकवण्याचं केंद्र मानलं. त्यांच्या पद्धतीत जोडीदार खांद्यावर, छातीवर जोर देऊन स्थिरता तपासतो. त्या तपासणीचाही उपयोग आहे, मात्र ती चाचणी आहे, हल्ला नव्हे. आणि तोमिकींनी सरळ स्पर्धाच आणली.

स्पर्धा हा या विषयातला सर्वांत वजनदार आक्षेप आहे. एवढं सगळं कशाला, दोघांना मोकळं सोडा, खरं-खोटं आपोआप कळेल, असं कुणीही म्हणेल. कानोंनी 1882 मध्ये कोदोकान काढून जवळपास हेच केलं, आणि ज्युदो जगभर गेला. पण त्यांनी किंमत मोजली. मोकळ्या लढतीत माणसं मोडू नयेत म्हणून त्यांनी मनगटावरचे आणि इतर सांध्यांवरचे डाव, तसंच घाव घालणं लढतीतून काढून टाकलं. सांध्यांपैकी फक्त कोपर उरलं. काढलेलं त्यांनी फेकून दिलं नाही. ते ठरलेल्या क्रमांच्या सरावात ठेवलं, आणि किमे-नो-काता या क्रमात सुरी आणि तलवारीचे हल्लेही आहेत. म्हणजे व्यवहार असा आहे : मोकळी लढत हवी तर धोकादायक डाव सोडा, धोकादायक डाव हवेत तर ठरवून सराव करा. दोन्ही एकदम मिळत नाही. आयकिदोने दुसरा पर्याय घेतला. तोमिकींनी वासेदा विद्यापीठात मधला मार्ग काढला : एकाच्या हातात मऊ नकली सुरी, दुसरा रिकाम्या हाताने, मग अदलाबदल. सुरी लागली तर गुण मिळतो, त्यामुळे भोसकणारा खरंच भोसकायला येतो, आणि हल्ल्याचा प्रश्न एका फटक्यात सुटतो. पण त्याबरोबर डावांचं क्षेत्र आकसतं, आणि दोघंही गुणांच्या अंतरावर घुटमळू लागतात. तोमिकींचा प्रश्न बरोबर होता. उत्तर मला अर्धं वाटतं. पदकं नकोत, पण प्रत्येक दोजोत अधूनमधून असा वेळ असावा जेव्हा कुठला डाव येणार हे उकेला आणि कुठला हल्ला येणार हे नागेला माहीत नसेल. मोकळ्या हल्ल्यांचा हा सराव, रांदोरी किंवा जियुवाझा, सगळीकडे नावापुरता असतोच. परीक्षेच्या आधी महिनाभर तो आठवतो, एवढंच.

दुसरा आक्षेप असा की, आजच्या काळात मनगट धरून हल्ला करतं कोण? धरत नाही कुणी. ज्या माणसाच्या कमरेला तलवार आहे, त्याला ती उपसू द्यायची नसेल तर त्याचा हात धरणं हा पहिला उपाय होता, आणि बसून करायचे डाव ज्या समाजात लोक चटईवर बसत त्या समाजातले आहेत. डोक्यावर वरून आणि बाजूने येणारे घावही तलवारीच्याच वाटा चालतात. हे हल्ले आज शिकवण्याची सोय म्हणून ठेवले आहेत : पकडीतून समोरच्याचं वजन कुठे आहे ते हाताला कळतं, आणि नवख्याला त्यात मार बसत नाही. पण सोय ती सोय. बॉक्सरचा झटकन मागे जाणारा ठोसा, लाथ, कमरेत शिरून पाडणारी पकड, यांना रूढ अभ्यासक्रमात जागा नाही, आणि मिश्र युद्धकलांच्या लढतींमध्ये आयकिदोचे डाव जवळपास दिसत नाहीत याचं मुख्य कारण तेच आहे. जो उके असे हल्ले कधी करतच नाही, त्याच्यासमोर शिकलेला नागे त्यांना उत्तर कुठून आणणार? सहा महिन्यांत रस्त्यावर स्वतःचं रक्षण करता यायला हवं असेल त्याने बॉक्सिंग शिकावं किंवा कुस्ती करावी. हे आयकिदो शिकवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं, आणि ‘स्वसंरक्षणाचे प्रभावी तंत्र’ असे फलक लावणं बंद करायला हवं.

तिसरा आक्षेप आतून येतो, आणि मला तो सर्वांत जास्त खटकतो. आयकिदो ही शांततेची कला आहे, उएशिबांनी विरोध संपवण्याचीच शिकवण दिली, मग जोरात हल्ला करण्याचा आग्रह कशाला, असं म्हटलं जातं. उएशिबांचा शांततेचा विचार खरा आहे. ओमोतो पंथापासून त्याची मुळं दाखवता येतात आणि युद्धानंतर तो ठळक झाला. पण याच माणसाने युद्धापूर्वी लष्कराच्या तोयामा शाळेत आणि हेर घडवणाऱ्या नाकानो शाळेत शिकवलं होतं. त्यांनी हल्लेखोराला इजा न करता सोडून देण्याची भाषा केली ती इजा करता येत असताना. ज्याच्यावर कधी कुणी नीट चालूनच आलं नाही, तो काय रोखणार आणि काय सोडून देणार? मऊ हल्ल्यावर मऊ डाव करून आलेलं समाधान हे शांततेचं समाधान आहे असं मानण्यात मला स्वतःची फसवणूक दिसते. मंद गतीने सराव करायला हरकत नाही. सावकाश घातलेला घावही डोक्याच्या दिशेने येऊ शकतो आणि त्यामागे पूर्ण वजन असू शकतं. गती कमी करता येते. दिशा आणि इरादा कमी करून चालत नाही.

शिक्षकांबद्दल एक कडू गोष्ट सांगणं भाग आहे. दानाच्या पायऱ्या चढत गेलेला माणूस हळूहळू पडणं बंद करतो. वय, गुडघे, कंबर ही कारणं खरी असतात. मान हे कारण त्यांच्या आड लपलेलं असतं. पडणं बंद झालं की त्याच्या हाती फक्त त्याच्याच विद्यार्थ्यांचे हल्ले उरतात, आणि त्या विद्यार्थ्यांना हल्ला करायला त्यानेच शिकवलेलं असतं. त्याच्यासमोर सगळं चालतं. बोट लावण्याआधी माणसं उडतात. कुणी त्याला फसवत नसतं. दरवर्षी थोडं थोडं आधी पडण्याची सवय सगळ्यांना लागत जाते आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. यावर उपाय जुनाच आहे. ज्येष्ठाने वर्गात उके व्हावं, निदान हल्ला तरी करावा. शरीर साथ देत नसेल तर तोल जाईपर्यंत यावं आणि तिथे थांबावं. नवख्याला योग्य अंतरावरून आलेला, थांबवला नाही तर लागेल असा एक घाव शिक्षकाकडून मिळाला, तर दहा वेळा पाहिलेल्या डावापेक्षा तो जास्त शिकवतो. पट्ट्यांच्या परीक्षेत उकेलाही गुण असावेत, आणि वाईट हल्ला केल्याबद्दल नापास करता यावं. हे करायला कुठल्या संस्थेची परवानगी लागत नाही.

तेव्हा कुणाला आयकिदो शिकायचं असेल, किंवा मुलांना पाठवायचं असेल, तर आधी एक पूर्ण वर्ग नुसता बसून पाहा. शिक्षक फेकतो किती सुंदर, याकडे लक्ष देऊ नका. ते सगळीकडेच सुंदर असतं. हल्ला करणाऱ्यांकडे पाहा. घाव डोक्यापर्यंत येतो का, समोरचा हललाच नाही तर लागेल असा असतो का? काळ्या पट्ट्याचे लोक पांढऱ्या पट्ट्यांसाठी पडतात का? नव्या माणसाला पडायला किती दिवस वेगळं शिकवतात, की पहिल्याच आठवड्यात शिहोनागे करायला उभं करतात? मॅटच्या सांध्यांत फटी आहेत का, हेही वाकून पाहा. शंका आली तर शिक्षकांना विचारा, “सर, इथे हल्ला करायला कोण शिकवतं?” या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं तर नाव नोंदवा, आणि उत्तराऐवजी ऊर्जा, विश्व आणि सुसंवाद यांवर व्याख्यान मिळालं तर फीचे पैसे खिशातच राहू द्या.